वरळीची रात्र आणि त्याआधीच्या लढती

५ ऑगस्ट २०१७, शनिवार. मोरा बंदरातून दुपारची लाँच धरून मी भाऊच्या धक्क्याला उतरलो, तो बॉक्सिंग बघायला. उरणकराचा मुंबईतला रात्रीचा कार्यक्रम म्हणजे मुक्काम आलाच. शेवटची लाँच निघून गेलेली असते, आणि ओहोटी असली की मोऱ्याच्या गाळात लाँच लागतही नाही. म्हणून वरळी कोळीवाड्यात नातेवाइकांकडे पथारीची सोय करून ठेवली आणि वरळीचं स्टेडियम गाठलं.

लढत होती विजेंदर सिंग आणि चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीची. विजेंदरकडे आशिया-पॅसिफिक विजेतेपदाचा पट्टा, समोरच्याकडे ओरिएंटलचा. दोन्ही पट्टे पणाला, फेऱ्या दहा. व्यावसायिक रिंगणात दोघांपैकी एकही तोवर हरला नव्हता. विजेंदर ३१ वर्षांचा, चिनी पोरगा त्याच्याहून बराच लहान आणि अंगावर येणारा. त्याचे काही ठोसे कमरेखाली गेले, पंचांनी ताकीद दिली. शेवटच्या फेऱ्यांत विजेंदर दमलेला स्पष्ट दिसत होता. तोंड उघडं, हात खाली येऊ लागलेले. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ तर खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. निकाल आला ९६-९३, ९५-९४, ९५-९४. तिन्ही पंचांचा कौल विजेंदरला, पण दोघांच्या कागदावर फरक एकेका गुणाचा!

मला अजून आठवतं ते त्यानंतरचं. तेव्हा डोकलामच्या सीमावादावरून भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं. विजेंदर म्हणाला, सीमेवर शांतता राहणार असेल तर हा पट्टा मी झुल्पिकारला परत देतो. दहा फेऱ्या मार खाऊन मिळवलेली गोष्ट अशी पुढे करायला मन मोठं लागतं.

त्या रात्री झोप लागेना. मुंबईत याआधी काय काय झालं होतं, ते डोक्यात फिरत राहिलं. भारतातली पहिली राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धा १९५० साली याच शहरात, ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. आपल्याला ब्रेबॉर्न म्हटलं की फक्त क्रिकेट आठवतं. १९८० मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही मुंबईत भरली, आणि हेवीवेटचं सुवर्णपदक भारताच्या कौर सिंग यांनी जिंकलं.

कौर सिंग यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातले हे लष्करी जवान. त्याच वर्षी २७ जानेवारीला दिल्लीत मुहम्मद अलींसमोर चार फेऱ्यांच्या प्रदर्शनीय लढतीसाठी ते उभे राहिले. किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत आडवा करणारा, मनिलात जो फ्रेझरशी चौदा फेऱ्या झुंजणारा तो अली. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता, तरी अलीच तो! पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्येही कौर सिंग यांनी सुवर्ण जिंकलं, आणि पाठोपाठ पद्मश्री मिळाली. आणि वरळीची ती रात्र झाली त्याच २०१७ सालाच्या अखेरीला बातमी आली, की कौर सिंग रुग्णालयात आहेत आणि उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावं लागलं आहे. मदत मिळाली, पण मिळाली ती बातमी छापून आल्यावर. एप्रिल २०२३ मध्ये ते गेले. ती कर्जाची बातमी वाचताना मला लाज वाटली होती, ती आजही वाटते.

कौर सिंग यांच्या १९८२ च्या सुवर्णानंतर एशियाडचं बॉक्सिंगमधलं पुढचं सुवर्ण भारताला मिळायला १६ वर्षं लागली. ते आणलं डिंको सिंग यांनी, १९९८ च्या बँकॉकमध्ये. आधी संघातून वगळलेला हा मणिपुरी मुलगा अंतिम लढतीत उझबेकिस्तानच्या तिमूर तुल्याकोवला भिडला, आणि चौथ्या फेरीनंतर तुल्याकोव पुढे लढलाच नाही. डिंको नौदलातले. आमच्या करंजाला नौदलाचा तळ असल्यामुळे ते आम्हा उरणकरांना आपल्यातलेच वाटतात.

आणि आपले मराठी बॉक्सर? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग करत होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय अधू झाले, म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण आणलं. जलतरणपटू पेटकर आता सगळ्यांना माहीत आहेत. ठोसे मारणाऱ्या पेटकरांना मात्र कुणी विचारत नाही. पुण्याचे मनोज पिंगळे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये लढले, हे किती जणांना ठाऊक आहे? कुस्तीचं तसं नाही. कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केलं, हे आपल्याकडचा म्हातारा माणूस पारावर बसून सालासकट सांगतो. खाशाबा जाधवांचं नाव शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बॉक्सिंगला असा सांगणारा मिळाला नाही, आणि माझ्या मते ही उणीव खेळाडूंची नाही, आपली आहे.

म्हणून एक विनंती. उरण, पनवेल, अलिबागकडच्या कुणा घरात ब्रेबॉर्नच्या किंवा १९८० च्या त्या स्पर्धेचं तिकीट, फोटो, कात्रण असेल, तर ते रद्दीत घालू नका. घरातल्या जुन्या माणसाला विचारून त्या कागदाच्या मागे नावं आणि तारीख आजच लिहून ठेवा.