पांगुळगाडा, परात आणि बाळाचा पहिला शब्द

हळद काढणीचे दिवस आले की नरसी नामदेवच्या शिवारात सगळ्यांचे हात कामाला लागतात. बाळ आजीजवळ किंवा बांधावरच्या झोळीत असते. ते रडू नये म्हणून त्याच्यासमोर मोबाइल धरण्याची सवय हिंगोलीपासून मुंबईपर्यंत सगळीकडे लागली आहे. मूल गप्प राहते, मोठ्यांची कामे होतात. पण पहिल्या तीन वर्षांत मुलाचे शरीर आणि वाचा ज्यातून घडते, ती धडपड आणि बडबड नेमकी तेवढा वेळ बंद पडते.

संत नामदेवांच्या या जन्मगावाला कीर्तन नवे नाही. बुवा चरण म्हणून थांबतात, मग टाळकरी तो उचलतात. बाळही भाषा अशीच आळीपाळीने शिकते. चार महिन्यांचे बाळ हुंकार देते, आई ‘काय रे सोन्या?’ म्हणून त्याच्याकडे पाहत राहते आणि बाळ पुन्हा आवाज काढते. आई थांबते म्हणून त्याची पाळी येते. मोबाइल अखंड बोलतो, पण बाळासाठी थांबत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की, एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दुसऱ्या वर्षीही टाळावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त दाखवू नये.

गोधडी आणि पांगुळगाडा

जागे असलेले बाळ जमिनीवर गोधडी घालून, आपल्या नजरेसमोर पालथे ठेवावे. रांगू लागेपर्यंत दिवसभरात थोडे थोडे करून निदान 30 मिनिटे. मान उचलताना, हातावर जोर देताना मान, पाठ आणि खांदे बळकट होतात. पुढचे बसणे, रांगणे त्यावरच उभे राहते. झोपवताना मात्र बाळ पाठीवरच असावे.

पूर्वी घरोघरी लाकडी पांगुळगाडा असे. मूल उभे राहून, स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर पेलत तो ढकलते. तोल सांभाळायला शिकते. बाजारातल्या गोल वॉकरमध्ये मात्र मूल बैठकीत अडकून चवड्यांनी रेटत जाते. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट उशीर होऊ शकतो. शिवाय ते क्षणात चुलीपाशी किंवा पायरीवर पोहोचते. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाडाही सपाट जागी, मोठे माणूस जवळ असतानाच द्यावा.

खेळणी घरातच आहेत

महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा पाने, बिया, माती हेच त्यांचे साहित्य होते. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथेच रुजली. आपल्या घरी परात, वाट्या आणि झाकणाचे डबे आहेतच.

- 6 ते 12 महिने : पदराआड तोंड लपवून ‘भॉऽ’ करा. वाटीखाली चेंडू झाका, बाळाला शोधू द्या. परात वाजवू द्या.
- 1 ते 2 वर्षे : एका डब्यातले बटाटे दुसऱ्यात टाकू द्या. ‘चमचा आण’, ‘आजीला दे’ अशी छोटी कामे सांगा. मूल ‘गाय’ म्हणाले, तर ‘हो, तांबडी गाय आली’ असे वाक्य वाढवा.
- 2 ते 3 वर्षे : कणकेचा गोळा लाटायला द्या, अंगणात उड्या मारू द्या, भातुकलीत तुम्ही पाहुणे व्हा.

विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. बोबड्या बोलाला हसू नका आणि ‘नीट म्हण’ असा धोशाही लावू नका. योग्य उच्चार आपल्या बोलण्यातून सहज ऐकू द्या. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका; ते श्वासनलिकेत अडकतात.

‘बोलेल की पुढे’ म्हणून थांबू नका

प्रत्येक मुलाची चाल वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुले तपासली, तेव्हा निरोगी मुले साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही चालू लागलेली आढळली. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना नको. पण पुढील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना दाखवाच :

- 6 महिन्यांनंतरही आवाजाच्या दिशेने न वळणे
- 9 महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणे
- वर्षाच्या बाळाने बडबड किंवा बोटाने दाखवणे सुरू न करणे
- 18 महिन्यांपर्यंत न चालणे किंवा एकही शब्द न बोलणे
- दोन वर्षांनंतरही दोन शब्द न जोडणे
- आलेली गोष्ट कोणत्याही वयात विसरणे

‘याचा बापही उशिराच बोलला’ हे वाक्य सर्वांत महाग पडते. ज्याला ऐकू येत नाही, त्या मुलाला नुसत्या खेळाने बोलता येणार नाही. कान जितक्या लवकर तपासले जातील, तितका उपचाराचा उपयोग जास्त. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करतात आणि गरजेनुसार पुढील उपचारांसाठी पाठवतात. पथक येण्याची तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी शेतातले काम अर्धा दिवस मागे पडले तरी चालेल. बाळ मात्र अंगणवाडीत हजर हवे.