हजार सदऱ्यांची वाटणी

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर येऊन थांबते. माणसांची सोय झाली. माल मात्र पूर्वीप्रमाणेच मालमोटारींतून जातो. ह्या मालात तयार कपडेही असतात. तयार कपड्यांच्या धंद्यात बंगळूरचे नाव जुने आहे. १९८९ मध्ये ‘लुई फिलिप’ आणि १९९३ मध्ये ‘ॲलन सॉली’ ही सदऱ्यांची नाममुद्रा भारतीय बाजारात आणणारी कंपनी ह्याच शहरातली होय.

कपडा बेतणे व शिवणे हे काम डोळ्यांना दिसते. शिवून तयार झालेला माल कोणत्या दुकानी किती पाठवावा, हा निर्णय दिसत नाही. आणि नफातोटा पुष्कळदा तेथेच ठरतो.

एका नमुन्याचे १,००० सदरे वखारीत आले आहेत आणि ते ४० दुकानांना वाटावयाचे आहेत, अशी कल्पना करू. कापडाची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागते. त्यामुळे हंगाम सुरू झाल्यावर हाच सदरा पुन्हा शिवून घेणे बहुधा शक्य नसते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक दुकानाला २५ सदरे देऊन मोकळे होणे. महिन्याभरात काही दुकानांतील माल संपतो, तर काही दुकानांत निम्मा तसाच पडून राहतो. एकूण सदरे पुरेसे होते. ते चुकीच्या गावी होते, एवढेच.

ह्यापेक्षा अवघड गोष्ट मापांची आहे. गिऱ्हाईक ‘सदरा’ मागत नाही, ४० मापाचा सदरा मागते. म्हणून माल संचांनी पाठवितात : ३८ व ४४ मापाचा एकेक, ४० व ४२ मापाचे दोन-दोन, असे सहा सदऱ्यांचे संच. मधली मापे आधी संपतात. मग मांडणीवर नऊ सदरे लटकत असूनही ते विकले जात नाहीत. व्यापाऱ्यांच्या बोलीत असा माल ‘कट साइज’ होतो आणि हंगामाअखेर पडत्या भावाने काढावा लागतो. येथे विक्रीची नोंदवहीही फसविते. एखाद्या दुकानाने आठ सदरे विकले असे ती सांगते; माप न मिळाल्यामुळे परत गेलेल्या माणसाची नोंद तीत कोठेच नसते. पुढल्या वर्षी त्या आकड्यावर विसंबून त्या दुकानाला पुन्हा आठच सदरे धाडले जातात.

ह्यावर उपाय असा, की आरंभी सर्व माल वाटूच नये. प्रत्येक दुकानाला तीन संच, म्हणजे १८ सदरे दिले, तर ७२० सदरे जातात आणि २८० वखारीत उरतात. ह्या राखणीमागे साधे गणित आहे. एका दुकानाची विक्री अंदाजापेक्षा सहा सदऱ्यांनी मागेपुढे होत असेल, तर १६ दुकानांत वेगवेगळी तजवीज करण्यास ९६ जादा सदरे लागतील. परंतु एका दुकानातील वाढ दुसऱ्यातील घटीने भरून निघते. १६ चे वर्गमूळ ४, म्हणून एकत्र ठेवल्यास २४ सदऱ्यांत तेवढेच संरक्षण मिळते. दुकानांची मागणी एकमेकींपासून स्वतंत्र असली तरच हे खरे. दिवाळीला सगळीकडे एकदम गर्दी उसळते, तेव्हा वर्गमूळ कामी येत नाही. त्याउलट ओणमची खरेदी कोचीत, दुर्गापूजेची कलकत्त्यात आणि पोंगलची मद्रासेत, अशी निरनिराळ्या वेळी होते. तेथे वखारीतला साठा हाताशी असल्याचे मोल कळते.

स्पेनमधील ‘झारा’ ह्या नाममुद्रेच्या वखारींतून दुकानांना आठवड्यातून दोनदा माल जातो. तेथे दुकानांचे व्यवस्थापक आपली मागणी कळवीत. पण माल तोकडा आहे असा संशय आला, की गरजेपेक्षा अधिक मागत. माणसाचा हा स्वभाव कोणत्याही शिधावाटपात दिसतो! फेलिपे कारो आणि जेरेमी गॅलियन ह्या संशोधकांनी कंपनीबरोबर एक गणिती पद्धत बसविली. मुख्य मापे संपली की तो कपडा मांडणीवरून मागे नेला जातो, ही वस्तुस्थितीच त्यांनी हिशेबात धरली. जेथे एक सदरा पाठविल्याने संच जिवंत राहील, तेथे तो आधी जावा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार विक्री ३ ते ४ टक्क्यांनी वाढली. कपडा तोच, दुकाने तीच, शिवणारे हातही तेच. हे ध्यानात घेतले तर ही वाढ लहान नव्हे.

हंगामाच्या शेवटी पाच दुकानांतील तुटकी मापे एका दुकानात आणून संच पुरा करता येतो. मात्र तोवर सवलतीचे दिवस तोंडावर आलेले असतात आणि गोळा करणे, मोजणे, पुन्हा पाठविणे ह्यांचा खर्च पुष्कळदा वाचलेल्या किमतीहून अधिक भरतो. म्हणून जाणते वखारपाल पहिल्या गाडीत कमी माल चढवितात आणि दुसऱ्या गाडीची तयारी आधीच करून ठेवतात.