बॅरन बेट पुन्हा धुमसतेय. नजर कशी ठेवतात?
अंदमानातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१मध्ये उसळला, सप्टेंबर २०२५मध्ये पुन्हा दोनदा. बेटावर रानटी शेळ्या आहेत, माणूस नाही. त्यामुळे उष्णता आणि राखेचे लोट मुख्यतः उपग्रह टिपतात. २०१७मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उद्रेक जवळून पाहिला, पण तोही योगायोग. ते तिथे समुद्रतळाचे नमुने घेत होते.

वस्तीच नाही, मग धोका कसला? राखेने विमानाचे इंजिन बंद पडू शकते. शिवाय इंडोनेशियात २०१८मध्ये अनाक क्राकाटोआ ज्वालामुखीचा उतारच समुद्रात कोसळला. मोठा भूकंप झाला नसल्याने त्सुनामीचा इशारा मिळाला नाही. चारशेहून अधिक जण दगावले. म्हणूनच धुराबरोबर बेटाचे उतारही तपासावे लागतात.