मोटारीच्या पोटाखालचे कवच

सांप्रत आपल्या बेळगाव भागातील व्यापारी कुटुंबांत मोटार ही चैनीची वस्तू राहिली नसून दुकानातील काट्याइतकीच नित्याची झाली आहे. सकाळी मार्केट यार्ड, दुपारी खानापूर किंवा चंदगडकडील वसुली, महिन्यातून एकदोनदा चोर्ल्याच्या घाटाने गोव्यातील गिऱ्हाइकांच्या भेटी, आणि सवड मिळालीच तर सहकुटुंब स्तवनिधी अथवा कुंभोज, असा तिचा फेरा असतो. गाडी घेताना आपण रंग, आसने, थंड हवेचे यंत्र यांची आस्थेने चौकशी करतो. परंतु तिच्या पोटाखाली काय आहे हे वाकून पाहणारा गृहस्थ विरळाच. धान्याच्या व्यवहारात आपण असे कधी करीत नाही. पोत्याच्या तोंडचे दाणे कितीही टपोरे असोत, पोटात नळी खुपसून आतला माल पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. तोच नियम मोटारीस लावून, तिच्या तळाशी असलेले प्लास्टिकचे आवरण झिजल्यावर त्या जागी अधिक दणकट आवरण बसवावे किंवा कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या पिढीने जी ॲम्बॅसडर वापरली, आणि जिचे उत्पादन २०१४ साली थांबले, तिच्या तळाशी असले नाजूक वस्त्र नव्हते. इंजिनाचे तेल ज्या भांड्यात साठते, ज्यास आपले फिटर लोक ‘चेंबर’ म्हणतात, ते उघडेच असे. दगड लागला तर पोचा येई व गाडी पुढे जाई. आता अनेक गाड्यांत हे चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचे असते. ते हलके खरे, परंतु ओतीव धातूस पोचा येत नाही, तडा जातो. शिवाय गाड्या जमिनीस अधिक लगटून चालू लागल्या आहेत. म्हणून इंजिनाखाली, आणि कित्येक गाड्यांत आसनांखालच्या तळासही, प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा दाबून घट्ट केलेल्या नमद्यासारख्या तंतूंचे तक्ते क्लिपांनी व स्क्रूंनी अडकविलेले असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे आवरण म्हणजे ढाल नव्हे. चिखल व पाणी इंजिनाच्या पट्ट्यावर आणि विजेच्या जोडांवर उडू नये, इंजिनाचा आवाज कमी व्हावा, आणि तळाखालून जाणारी हवा अडखळत न जाता सरळ निसटावी, ही त्याची तीन कामे. हवेचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. परंतु वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि गाडीचा खडबडीत तळ या विरोधात मोठी भर घालतो. अर्थात गावात फिरणाऱ्या गाडीस याचे सोयरसुतक नाही. पुण्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर मात्र पेट्रोलच्या हिशेबात फरक पडतो. दगड अडविणे हे काम या पट्टीस कारखानदाराने मुळात नेमून दिलेलेच नाही. आपण मात्र तिच्याकडून तीच अपेक्षा करतो.

ती झिजते कशी? इंजिनाच्या उष्णतेने तापणे व पावसाच्या पाण्याने थंड होणे हा क्रम वर्षानुवर्षे चालून प्लास्टिक कडक व ठिसूळ बनते. दुसरे कारण गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप घालून दिले आहे : उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई अशी की ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखाने जावी. आपल्याकडील किती गतिरोधक या मापात बसतात, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत टेप घेऊन पाहावे. परंतु माझ्या मते सर्वांत मोठा शत्रू निराळाच आहे, तो म्हणजे तेल बदलण्याचा प्रसंग. दर खेपेस पट्टी उतरवावी लागते, क्लिपा तुटतात, हरवतात, आणि घाईत असलेला पोऱ्या दहाऐवजी पाचांवर काम भागवितो. भोके फाटत जातात. एके दिवशी साठच्या वेगावर खालून फडफड ऐकू येते; तेव्हा समजावे की पट्टीचे पुढचे टोक सुटले.

पुढचे टोक सुटणे हे मागचे सुटण्यापेक्षा कितीतरी अधिक वाईट, आणि त्याचे प्रत्यंतर आमच्या घरात २०२३ च्या पावसाळ्यात आले. माझा पुतण्या आई, पत्नी व दोन लेकरांसह रात्री गोव्याहून चोर्ला मार्गे परतत होता. त्याच महिन्यात गाडी एका कारखान्यात तपासून आणली होती व तेथे निम्म्याच क्लिपा परत बसविल्या गेल्या होत्या. घाटात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पट्टीचे तोंड खाली आले, फावड्याप्रमाणे वळले, आणि तिने जांभ्याचा एक धोंडा पोटाखाली ओढून घेतला. चेंबरास तडा गेला. तेलाचा लाल दिवा लागताच पुतण्याने इंजिन बंद केले म्हणून इंजिन वाचले. तसाच कणकुंबीपर्यंत रेटला असता तर इंजिनातील बेअरिंगे तेलावाचून घासून सर्व यंत्र जाम झाले असते. ती पाचही माणसे धुक्यात, फोनला रेंज नसलेल्या वळणावर, अडीच तास बसून होती. अखेर डाळीची पोती उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्यांना गावापर्यंत आणले. पट्टी शाबूत असती तर तो धोंडा लागलाच नसता असे मी म्हणणार नाही. परंतु सुटलेल्या पट्टीने तो ओढून आणला, एवढे निश्चित.

घरी आल्यावर पुतण्याचा पहिला उद्गार असा : “काका, आता जाड लोखंडीच बसवून टाकतो. पुन्हा काळजीच नको.” वाहनधारकांपैकी बहुतेकांचा विचार येथेच येऊन थांबतो, आणि येथेच थोडा हिशेब करणे अगत्याचे आहे.

इंजिनाखालचे आवरण साधारण अर्धा चौरस मीटर धरू. ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी सव्वा ते दीड किलो भरते. तेवढाच लोखंडी पत्रा २ मिलिमीटरचा, म्हणजे बाजारात १४ गेज म्हणून मिळतो तो, पावणेआठ किलोंच्या वर जातो. ३ मिलिमीटरचा घेतल्यास जवळजवळ बारा किलो. ॲल्युमिनियमचा ४ मिलिमीटरचा पत्रा साडेपाच किलोंच्या आत राहतो. आता ताठपणा पाहू. वाकण्यास विरोध करण्याच्या बाबतीत ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम हे २ मिलिमीटर लोखंडाची बरोबरी करते, आणि वजन मात्र निम्म्याच्या आसपास. म्हणून घाटाचा नित्य प्रवास असणाऱ्याने ॲल्युमिनियम घ्यावे, असे माझे मत झाले. लोखंड स्वस्त आहे, वेल्डिंग कोठेही होते, शेताच्या वाटेवर रोज घासत जाणाऱ्या जीपगाडीस तेच योग्य. परंतु पावडर कोटिंग एकदा खरवडले गेले की आपल्या पावसात गंज चढण्यास फार दिवस लागत नाहीत. फायबरच्या जाड पट्ट्याही मिळतात. त्या गंजत नाहीत, आवाज करीत नाहीत, पण नेमक्या कोपऱ्यावर दगड बसला की चिरफळतात.

तथापि पत्र्याच्या जाडीपेक्षाही तो कशास बांधला आहे हे अधिक महत्त्वाचे. तीन मिलिमीटरचा पत्रा प्लास्टिकच्या क्लिपांवर टांगणे म्हणजे तुळई सुतळीने बांधणे होय. तो इंजिनाखालच्या मुख्य लोखंडी चौकटीस जाड बोल्टांनी जोडला गेला पाहिजे. मात्र समोरच्या बंपरपासून त्या चौकटीपर्यंत एकसंध ताठ पत्रा ठोकून देऊ नये. समोरून धडक बसल्यास पुढचा भाग चेपत जाऊन आतील माणसांस वाचवील, अशी आजच्या गाडीची रचना असते. आपण घातलेल्या पत्र्याने ते चेपणे अडविले तर तेल वाचेल आणि माणूस दुखावेल. म्हणूनच त्या विशिष्ट गाडीच्या मापाने, कारखानदाराने दिलेल्या मूळ भोकांवर बसणारा तयार गार्ड मिळत असेल तर तोच घ्यावा. न मिळाल्यास आपल्या उद्यमबागेत पत्राकामाचे जाणते कारागीर आहेत. त्यांच्याकडून करून घेता येतो. पुतण्याच्या गाडीस आम्ही तसाच करविला.

कारागिरास चार गोष्टी सांगाव्या लागल्या. पत्र्याचे पुढचे टोक सुपासारखे वर उचललेले असावे, म्हणजे दगड अडकण्याऐवजी खाली सरकतो. इंजिन रबरी बैठकांवर हलत असते, म्हणून चेंबर आणि पत्रा यांत निदान अंगठ्याएवढी जागा राखावी. चिकटून बसविलेला पत्रा दगडाचा ठोका जसाच्या तसा चेंबरास पोचवितो, मग तो असून नसून सारखाच. तेल काढण्याच्या बुचाखाली भोक असावे, नाही तर दर वेळी सगळे उतरविणे आले. आणि ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी बोल्टास थेट लागू देऊ नये, मध्ये नायलॉनचे वायसर घालावे. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत ते फार वेगाने घडते.

हवा खेळण्यासाठी पत्र्यास खाचा पाडतात. त्यांच्याविषयी मात्र धान्याचा व्यापारी या नात्याने मला जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे. आपल्या सीमाभागात सुगीच्या दिवसांत शेतकरी हुलगा, तूर, ज्वारीची कणसे डांबरी रस्त्यावर पसरतात व येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली मळणी उरकून घेतात. असा माल यार्डात आला की मूठ नाकाशी नेताच डांबराचा वास येतो आणि दाताखाली कचकच लागते. त्याचा भाव आपण पाडतोच. शेतकऱ्याकडे खळे नाही, मजूर मिळत नाहीत, हे मी जाणतो. परंतु त्या वाळलेल्या वेली मोटारीच्या पुढच्या चाकांच्या दांड्याभोवती गुंडाळल्या जातात, फाटक्या पट्टीत शिरतात, आणि सायलेन्सरच्या तापलेल्या नळीस लागून पेट घेतात. कर्नाटकात अशा रीतीने मोटारी जळून खाक झाल्या आहेत. येथे अखंड, गुळगुळीत आवरण खरोखरीच उपयोगी पडते, आणि मोठाल्या खाचांचा पत्रा उलट घातक ठरतो, कारण भुसा आत जातो व बाहेर पडत नाही. खाचा मागील बाजूस उघडणाऱ्या, बोटभर रुंदीच्याच असाव्यात. मळणीवरून गाडी न्यावीच लागली तर पलीकडे गेल्यावर थांबून खाली पाहावे. गोदामाजवळ गाडी उभी करणाऱ्यांस आणखी एक सूचना : तंतूंच्या तक्त्यावर उंदीर हमखास घरटे करतात व सांडलेले धान्य तेथे साठवितात, वायरी कुरतडल्या जातात त्या याच मुक्कामातून.

आपल्यापैकी काहींनी आता विजेवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या आहेत. त्यांची बॅटरी तळाशीच पसरलेली असल्याने प्रश्न अधिक गंभीर होतो. अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस टेस्ला कंपनीच्या दोन गाड्यांच्या तळास रस्त्यावरील धातूचे तुकडे लागून बॅटरी भेदली गेली व आग लागली. माणसे सुखरूप बाहेर पडली. त्या गाड्यांच्या बॅटरीखाली पाव इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आधीच होता, हे ध्यानात घ्यावे. मार्च २०१४ मध्ये कंपनीने त्याच्या पुढे ॲल्युमिनियमची पोकळ गोल नळी, टायटॅनियमचा पत्रा आणि उतरता ॲल्युमिनियमचा भरीव तुकडा अशी तिहेरी योजना केली, व जुन्या ग्राहकांसही ती विनामूल्य देऊ केली. येथेही केवळ जाडी वाढविली नाही. आघात बॅटरीपासून दूर वळविला. अशा गाडीच्या तळास आपल्या हाताने एकही भोक पाडू नये व स्थानिक कारागिराकडूनही पाडवून घेऊ नये. कंपनीचेच आवरण घ्यावे.

कायद्याविषयी थोडक्यात. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारीच्या तोंडाशी बसविण्यात येणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. तळाखालचे आवरण ही निराळी वस्तू आहे. तरी गाडी हमीच्या मुदतीत असेल तर विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. विम्याच्या साध्या पॉलिसीत परिणामजन्य नुकसान वगळलेले असते. म्हणजे चेंबर फुटले त्याची भरपाई मिळेल, पण तेल गेल्यावर गाडी चालवून इंजिन जाम केले तर त्याची मिळणार नाही. इंजिनासाठी वेगळी पुरवणी घेता येते. घाटाने जाणाऱ्याने तिची चौकशी करावी.

हे काम घरच्या मुलांनी करावयाचे ठरविल्यास त्यांना एक गोष्ट बजावून सांगावी : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. जॅक निसटतो. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात, नाही तर गॅरेजच्या उचलयंत्रावर काम करून घ्यावे. पत्रा बसल्यावर पाचशे किलोमीटरांनी बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि पावसाळ्यानंतर आत साचलेला लाल चिखल पाण्याने धुऊन काढावा. ओला चिखल महिनोन्‌महिने राहिला तर वरचे चांगले लोखंडही खातो.

फाटलेली जुनी पट्टी भंगारवाल्यास देऊ नये. तिच्यावर सर्व भोकांच्या जागा, बुचाची जागा व वळणे जशीच्या तशी असतात. नवा पत्रा करविताना तोच कारागिराचा साचा, आणि गाडी पुढे विकावयाची झाल्यास मूळ आवरण मागणारा गिऱ्हाईकही भेटतो.