या महिन्याची पुस्तकं : ज्वालामुखी, एक शिलिंग आणि वाफेचा रोलर

या महिन्यात हाताशी आली ती बहुतेक अद्भुताची पुस्तकं. राक्षस, ड्रॅगन, जादूगार, कृष्णविवर! पण वाचता वाचता मला खरी गोडी लागली ती या पुस्तकांच्या जन्मकथांची. त्या खऱ्या घडलेल्या आहेत आणि तितक्याच अचाट आहेत.

सुरुवात केली मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा फिरकलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी आलेली मंडळी पावसाने घरात अडकली. कवी बायरनने फर्मान काढलं : प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. मेरी तेव्हा १८ वर्षांची होती. तिची गोष्ट वाढत जाऊन कादंबरी झाली आणि १८१८मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. फ्रँकेन्स्टाइन हे नाव राक्षसाचं नाही, त्याला घडवणाऱ्या तरुणाचं आहे. राक्षसाला नाव द्यावंसं कुणालाच वाटलं नाही, हेच मला या पुस्तकातलं सर्वांत मोठं दुःख वाटतं.

‘हॉबिट’चा जन्म मात्र परीक्षेच्या पेपरांत झाला. प्राध्यापक टॉल्किन उत्तरपत्रिका तपासत होते. एका विद्यार्थ्याने एक पान कोरं सोडलेलं. त्यावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिलं, आणि हॉबिट म्हणजे नेमका कोण, हे मागाहून शोधत बसले. पुढे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी हस्तलिखित आपल्या १० वर्षांच्या मुलाकडे, रेनरकडे, वाचायला दिलं. त्याने लेखी अभिप्राय दिला आणि त्याचं एक शिलिंग वसूल केलं! १९३७मध्ये पुस्तक आलं. हाच रेनर मोठा होऊन ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पाठीशी उभा राहिला, हजार पौंडांचा तोटा होईल, हे वडिलांना आधीच कळवून. लहान मुलांचं मत मोठ्यांनी इतकं मनावर घेतल्याचं असं सुंदर उदाहरण दुसरं मला आठवत नाही.

आता आपल्याकडे. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं ‘कृष्णविवर’ला. लेखक : नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. नाव बघून परीक्षक दबतील, ही शंका त्यांना नको होती. जगभर मान असलेल्या शास्त्रज्ञाने नवख्या लेखकांच्या रांगेत उभं राहून कथा पाठवावी, याचं मला अपार कौतुक वाटतं. नारळीकरांच्या कथेत विज्ञान पात्रांच्या तोंडी कोंबलेलं नसतं. पेच विज्ञानातून पडतो आणि सुटतो तोही विज्ञानानेच.

घाबरायचं असेल, तर नारायण धारप. आणि शक्यतो दिवसा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री धारपांची एक गोष्ट सांगितली. ती डोक्यातून जाईना. तिचा ‘तुंबाड’ होऊन पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. चित्रपटाचं नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे भय धारपांचं आणि गाव पेंडशांचं! २०२४मध्ये चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. धारपांच्या पुस्तकांना अजूनही गंभीर समीक्षेत हवी तशी जागा नाही. ती मिळायला हवी.

काही झटपट नोंदी. अर्सुला ले ग्विन यांचा ‘अर्थसी’तला जादूगार गेड मंत्रविद्येच्या शाळेत शिकायला गेला १९६८मध्ये, हॅरी पॉटरच्या २९ वर्षं आधी. गेड तांबूस-सावळा आहे, तरी मुखपृष्ठांवर त्याला वर्षानुवर्षं गोरा रंगवलं गेलं, आणि ले ग्विन त्याविरुद्ध ठामपणे बोलत राहिल्या. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांची ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९मध्ये दोन रंगांच्या शाईत छापली गेली, एक रंग आपल्या जगाला आणि दुसरा अद्भुत जगाला. शक्य असेल, तर तीच आवृत्ती मिळवा.

टेरी प्रॅचेट यांची तर कमालच. आपलं अपुरं लेखन मागे राहू नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून २०१७मध्ये इंग्लंडातल्या एका जत्रेत त्यांची हार्ड डिस्क चक्क वाफेच्या रोलरखाली घातली. तरी ती तग धरून राहिली, तेव्हा दगड भरडायच्या यंत्रात टाकावी लागली. त्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेच्या पूर्ण झालेल्या ४१ कादंबऱ्या आहेतच. पहिल्यापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. मृत्यू या पात्राची ‘मॉर्ट’ आधी घ्या.

पुढच्या महिन्यासाठी नाथमाधवांची ‘वीरधवल’ काढून ठेवली आहे. नाथमाधव शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. त्या अंथरुणावरच्या वाचनातून त्यांचं लेखन सुरू झालं. ज्या माणसाला उठून चालता येत नव्हतं, त्याने घोडदौडी आणि भुयारांची ही कादंबरी लिहिली, आणि मराठी वाचकांच्या किती पिढ्या तिच्यामागे धावल्या!