जुने संगणक, मुक्त प्रणाली आणि एक विनंती



विंडोज १० या संगणक प्रणालीस मिळणारे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आपल्या नोंदणी कक्षातील संगणक सुस्थितीत होते. परंतु विंडोज ११ला आवश्यक असलेली सुरक्षा चिप त्यांत नव्हती. ते मोडीत काढून नवे घ्यायचे, तर मोताळा, संग्रामपूर यांसारख्या तालुक्यांतून एस.टी.ने येणाऱ्या गरजू रुग्णांच्या औषध-निधीलाच हात लावावा लागला असता. म्हणून आम्ही लिनक्स या मुक्त प्रणालीचा अवलंब केला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेल्या या प्रणालीस परवाना शुल्क पडत नाही. मात्र विनामूल्य म्हणजे विनाश्रम नव्हे, हा धडा आम्हांस मिळाला.

संगणकास जोडलेले जवळजवळ प्रत्येक उपकरण आपला उत्पादक क्रमांक व नमुना क्रमांक सांगते. त्यावरून प्रणाली त्या उपकरणाशी बोलणारा दुभाषा, म्हणजेच ड्रायव्हर, शोधते. बहुतेक दुभाषे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. काही उपकरणांना मात्र उत्पादकाचे फर्मवेअर स्वतंत्रपणे पुरवावे लागते. डेबियन या लिनक्स-संचाने जून २०२३ पासून असे फर्मवेअर स्थापनेच्या संचातच समाविष्ट केल्याने हे काम सुकर झाले आहे.

आमचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पहिल्याच दिवशी पावत्या छापू लागले. एका स्वस्त लेझर प्रिंटरने मात्र अडवले. अशा काही प्रिंटरमध्ये छापावयाच्या पानाचे चित्र प्रिंटरमध्ये तयार न होता संगणकावर तयार करावे लागते. त्यासाठीचा ड्रायव्हर उत्पादकाने दिला नसेल, तर प्रिंटर मुका राहतो. क्ष-किरण यंत्राचा संगणक आम्ही बदलला नाही. कारण यंत्रासोबत आलेली कार्यप्रणाली लिनक्सवर चालत नाही. तो इंटरनेटपासून अलग ठेवला आहे.

बदलापूर्वी सर्व नोंदींची प्रत घेऊन ती पुन्हा उघडते की नाही, हे तपासले. संक्रमणकाळात हस्तलिखित नोंदवहीही चालू ठेवली. त्यामुळे एकाही रुग्णाचा जुना केसपेपर हरवला नाही. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हाच कळफलक कायम राहिल्याने कर्मचाऱ्यांस नव्याने शिकावे लागले नाही.

आता एक विनंती. अनेक दाते सद्भावनेने संगणक व प्रिंटर भेट देतात. वस्तू पाठविण्यापूर्वी कृपया तिचा नमुना क्रमांक कार्यालयास कळवावा. संगणक असल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, आतील माहितीस धक्का न लावता, आम्ही त्याची तपासणी करू. दान अडगळीत न पडता रुग्णाच्या उपयोगी पडावे, एवढाच यामागील हेतू आहे.