उणे दोन हजार

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला चार संगणकवाले एकत्र आले, की बोलणे हटकून एकाच विषयावर येते : या आठवड्यात कुणी किती काम उरकले. अमुक इतक्या नव्या सोयी बसवल्या, तमुक इतक्या पुढच्या आठवड्यात. त्या सोयी कुणी वापरतो का, हे मात्र कुणी विचारीत नाही.

हा रोग जुना आहे. १९८२ साली अ‍ॅपल कंपनीत ‘लिसा’ या संगणकाचे काम चालू होते. व्यवस्थापकांनी फर्मान काढले, की प्रोग्रॅमच्या किती ओळी लिहिल्या ते प्रत्येकाने दर आठवड्याला तक्त्यात भरून द्यावे. बिल अ‍ॅटकिन्सन हा त्यांच्यातला मोहरा. पडद्यावर आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅमचा एक भाग त्याने नव्याने मांडला. काम जवळजवळ सहापट वेगाने होऊ लागले आणि सुमारे दोन हजार ओळी गळाल्या. आता तक्त्यात काय भरायचे? पठ्ठ्याने सरळ लिहिले : उणे २०००! काही आठवड्यांनी त्याच्याकडे तक्ता मागणेच बंद झाले. हाच आकृत्यांचा प्रोग्रॅम पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही कामास आला.

आता ओळींऐवजी पुऱ्या केलेल्या कामांची संख्या मोजतात, एवढाच फरक. पण त्यांतली उपयोगी किती? मायक्रोसॉफ्टने गिऱ्हाइकांचे दोन गट पाडले, एकाला नवी सोय दिली, दुसऱ्याला दिली नाही आणि परिणाम ताडून पाहिले. रॉन कोहावी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली लिहिले, की ज्या सुधारणेसाठी कल्पना राबवली ती खरोखर घडून आली, अशा कल्पना साधारण एक-तृतीयांशच. बाकीच्यांनी एक तर फरक पडला नाही, नाहीतर नुकसानच झाले. वाचकहो, त्यांत किती जणांची जागरणे गेली असतील!

म्हणून शहाणी माणसे आधी विचारतात, की गिऱ्हाइकाचा कोणता त्रास कमी होणार आणि तो झाला हे कशावरून कळणार? थोड्यांना देऊन पाहावे, नाही चालले तर काढून टाकावे. काढून टाकणे हेही कामच. त्याला शाबासकी मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्या मुलांची अडचण आणखी निराळी. एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. अशाने साहेबाला ‘हे करूच नका’ म्हणून कसे सांगावे? तो मुकाट्याने आकडा वाढवतो. त्याला आम्ही बोल लावणार नाही. पण आपल्यातले पुष्कळजण आता स्वतःच साहेब झाले आहेत. सोमवारच्या बैठकीत ‘किती झाले?’ असे विचारणारे तेच असतात.